जास्तीचा वेढा

“वायर नेहमी एक वेढा जास्त ठेवावी, पुढचा माणूस आपल्यापेक्षा शहाणा निघू शकतो.”

हे वाक्य आत्याने आमच्या दाराची बेल दुरुस्त करताना टाकलं होतं. आई स्टूल धरून उभी होती. बेलच्या मागे भिंतीवर वीतभर वायर गुंडाळून ठेवलेली तिला दिसली आणि राहवलं नाही.

“वन्सं, ते शेपूट कापून टाका ना. येणाऱ्याजाणाऱ्याला काय वाटेल?”

“येणाऱ्याजाणाऱ्याने बेल वाजवावी,” आत्या स्टुलावरूनच म्हणाली, आणि मग ते पुढच्या माणसाबद्दलचं वाक्य. आमच्या घरात बेल दुरुस्त करणारी आत्याच. त्यामुळे हा पुढचा शहाणा माणूस कोण, हे आम्हाला कधी कळलं नाही. शेपूट मात्र राहिलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तेहतीस वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये जॉइंटर होती. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरायचं, जाड केबल सोलायची, आतल्या शेकडो केसाएवढ्या तारा जोडीजोडीने समोरच्या तारांना जोडायच्या, हे तिचं काम. खड्ड्यावर छोटा तंबू, तंबूत दिवा, दिव्याखाली आत्या. वरच्या जगातले फक्त बूट तिला दिसत. “मी माणसं बुटांवरून ओळखते,” ती म्हणायची. लग्न का केलं नाहीत, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “एकाचेही बूट पसंत पडले नाहीत.”

तेहतीस वर्षांत तिची एक चूक झाली. दोन जोड्यांची अदलाबदल झाली आणि दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे केकच्या ऑर्डरी येत राहिल्या. बेकरीवाल्याला लोक विचारत होते, दाढ काढायला रिकाम्या पोटी यायचं का. कुणी तक्रार करण्याआधी आत्याच साहेबांसमोर उभी राहिली. साहेब हसले, म्हणाले, जोडून टाका, विषय संपला. आत्याने विषय संपू दिला नाही. चूक आपल्या सर्व्हिस बुकात लिहून घेतल्याशिवाय ती खोलीबाहेर गेली नाही. साहेबांनी पुढे तिच्या निरोपसमारंभात हा किस्सा सांगितला, तेव्हा सगळे हसले. आत्या हसली नाही. तिला त्यात विनोद सापडला नव्हता.

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, ती एक पत्र्याची पेटी, एक मान वाकवता येणारा दिवा आणि मेणाच्या दोऱ्याचं मोठं रीळ घेऊन. एक्सचेंजात तारांच्या जुड्या या दोऱ्याने बांधत. प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या तरी आत्याने दोरा सोडला नाही. पट्टी तारेचा गळा आवळते, दोरा तिचा हात धरतो, असं तिचं म्हणणं.

मागच्या खोलीला लागून काचा लावलेली अरुंद गॅलरी आहे. तिथे तिने टेबल आडवं टाकलं. पलीकडच्या कपाटापर्यंत जायचं तर अंग चोरून, पोट आत घेऊन जावं लागे. आत्या डावखुरी. काचेचा उजेड उजवीकडून यावा आणि स्वतःच्या हाताची सावली कामावर पडू नये, अशा बेताने टेबल लावलेलं. तिथे बसून ती गल्लीतले रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या आणि एकदा एक बोलकी बाहुली दुरुस्त करी. बाहुली दुरुस्त झाल्यावर जास्तच बोलायला लागली, ती परत आली, तेव्हा आत्या म्हणाली, “बोलणं थांबवायची दुरुस्ती मला येत नाही. येत असती तर घरापासून सुरुवात केली असती.”

घर म्हणजे आई. आई शाळेत शिकवायची, म्हणून आत्या तिला “बाई” म्हणते. दोन वर्षांपूर्वी आईही निवृत्त झाली आणि तिने जलरंग घेतले. जेवणाच्या टेबलावर बसून तिने सफरचंद काढलं. ते बटाट्यासारखं दिसत होतं आणि याचा दोष तिने उजेडाला दिला.

“उजेड बदलला म्हणून बटाट्याचं सफरचंद होत नाही,” बाबा म्हणाले. पुढचे तीन दिवस बाबांच्या ताटात बटाटाच होता.

पण आईचंही खरं होतं. घरात धड उजेड येतो तो गॅलरीतच, आणि गॅलरीत जागा एकाच टेबलाला. तीन आठवडे ती आडून आडून सुचवत राहिली. मग एका मंगळवारी संध्याकाळी सरळ गॅलरीच्या दारात उभी राहिली.

“वन्सं, खरं सांगा. गेल्या महिन्यात कामं किती आली?”

“दोन.”

“दोन. आणि त्यातली एक आपलीच इस्त्री.”

“आपल्या इस्त्रीला जीव नसतो का?”

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात पंक्चर उभा होता. पंक्चर म्हणजे कोपऱ्यावरचा सायकलवाला. वय पन्नास, पोट सुटलेलं, हाताच्या रेषांत कायमचं काळं वंगण. त्याच्या काखेत एक लाकडी खोकं होतं आणि हातात एक पिशवी.

“आत्या, हे फक्त तुम्हालाच जमेल,” तो म्हणाला.

खोकं ट्रेएवढं, दुकानाची जुनी पाटी कापून त्याने स्वतः बनवलेलं. झाकणावर पाटीवरचं अर्धं चाक अजून रंगात होतं. डाव्या बाजूला चेंडूसारखी मूठ असलेला दांडा, उजवीकडे आठ गोल बटणं. नाणं टाकून खेळायच्या उभ्या मशिनांवर पूर्वी असायची तशीच मांडणी. पंक्चर याला नुसतं “स्टिक” म्हणत होता. तरुणपणी त्याने त्या मशिनांवर अख्ख्या सुट्ट्या घालवल्या होत्या आणि येत्या रविवारी चार वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या मारामारीच्या गेमची स्पर्धा होती. ज्याची त्याने स्टिक आणायची. तीन फेऱ्या, तीन वेगवेगळे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमचे डबे.

“घोळ इथेच आहे,” पंक्चर म्हणाला. “आतल्या जुन्या बोर्डाला एकाच कन्सोलची भाषा यायची. दुसऱ्याला जोडला की मख्ख. म्हणून हा मागवलाय.” त्याने पिशवीतून तळहाताएवढा काळा बोर्ड काढला. कडेने स्क्रूच्या बारीक खोबण्या, प्रत्येकीत एक वायर जायची. “हा सगळ्या कन्सोलांशी बोलतो. जुना बोर्ड नि जुन्या वायरी मी उपटून टाकल्या.”

“उपटून?”

“उत्साहात, आत्या.”

“आणि कुठली कुठे होती ते लिहून ठेवलंस?”

पंक्चरने छताकडे पाहिलं.

“समोर कोण आहे स्पर्धेत?” बाबांनी विचारलं.

“मेव्हणा,” पंक्चर म्हणाला. हा एक शब्द पुरेसा होता. बाबांनी समजून मान हलवली.

आत्याने खोकं उलटं करून मांडीवर घेतलं, तळाचा पत्रा काढला आणि आत बघितलं. ती वस्तूकडे पहिल्यांदा नेहमी खालूनच बघते. “दांडा डाव्या हाताला,” ती म्हणाली, “म्हणजे जगाला शेवटी डावखुऱ्यांची आठवण झाली म्हणायची.”

“वन्सं,” आई म्हणाली, “असलं तुम्ही कधी केलेलं नाही. त्याची रविवारची स्पर्धा आहे. उगीच त्याचं नुकसान होईल.”

बोलून झाल्यावर आईलाही कळलं की हे बोलायला नको होतं. आत्याने पत्रा खाली ठेवला.

“बाई, टेबल हवंय ना तुला? मग ऐक. ही स्टिक पहिल्या फटक्यात चालली तर टेबल माझं, आणि पुन्हा तू या दारात उभी राहायचं नाहीस. पहिल्या फटक्यात नाही चालली तर टेबल तुझं.”

“पहिल्या फटक्यात कशाला? थोडं इकडेतिकडे—”

“खड्डा बुजवल्यावर इकडेतिकडे नसतं.”

“आत्या,” पंक्चर मध्येच म्हणाला, “माझ्या दुकानात काचेजवळची जागा रिकामीच आहे. टायरचा ढीग हलवला की झालं. लागलंच तर—”

“मी काय काकड्या विकायला बसणार आहे तुझ्या दारात? जा, शुक्रवारी ये.”

तीन दिवस गॅलरीतून फक्त तारा तपासायच्या मीटरची टिटी ऐकू येत होती. आत्याचं काम बघायला बरं वाटतं. खड्ड्यातली शिस्त तिने वर आणलेली आहे. प्रत्येक बटणाला दोन पाय. एका पायाची वायर बोर्डावरच्या त्या बटणाच्या खोबणीत जाते, दुसरा पाय सगळ्यांचा सामायिक. त्यासाठी तिने एकच काळी वायर पहिल्या बटणापासून शेवटच्या बटणापर्यंत हात धरून नेली. दांड्याच्या बुडाशी चार बाजूंना चार छोटे स्विच होते, त्यांच्याही वायरी ओढल्या. रंग कुठले? एक्सचेंजचेच. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, मग पुन्हा निळा, पण पांढऱ्या रेघेचा. हा पाढा ती पुटपुटत होती आणि दर चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारत होती. आणि प्रत्येक वायरीला, अर्थातच, एक वेढा जास्त.

“एवढ्याशा खोक्यात एवढ्या गुंडाळ्या?” आई चहा ठेवता ठेवता म्हणाली. “आत हवा तरी जाईल का?”

“हवेसाठी पंक्चर आहे.”

शुक्रवारी पंक्चर आला तेव्हा स्टिक उलटी होती आणि आत्या शेवटची तपासणी करत होती. ती एकेक स्विच बोटाच्या टोकाने दाबे, मीटर ‘टी’ म्हणे, ती पुढे सरके. बाराच्या बारा ‘टी’ झाले. तिने पत्रा लावला.

“आत्या, जरा वरून हात फिरवून बघू का?”

“कशाला? मीटर खोटं बोलत नाही.”

“नाही, म्हटलं नुसती मूठ हलवून—”

“रविवारी. सगळ्यांसमोर. बाईंना परीक्षा घ्यायची आहे.”

बाईंनी खरंच परीक्षा घेतली. रविवारी अकरा वाजता आई वही आणि पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसली. वहीत तिने पट्टीने चौकटी आखल्या होत्या. खाली तीन ओळी, तीन कन्सोलांच्या. वर एक ते आठ बटणं, आणि शेवटचं घर दांड्याचं. तिसरा कन्सोल पंक्चरने मेव्हण्याच्या मुलाकडून मागून आणला होता. कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

आत्या खुर्चीत मागे बसली, हात मांडीवर. तिच्या पायात घराबाहेरचे जाड बूट होते. रविवारी घरात ती कधी बूट घालत नाही. त्यावरून ती कामावर हजर आहे हे कळत होतं.

पंक्चरने पहिला कन्सोल जोडला. पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला एक पैलवान उभा राहिला.

“एक,” आई म्हणाली. पंक्चरने बटण दाबलं. पैलवानाने ठोसा मारला.

“चालतंय. दोन.” लाथ. “तीन.” मोठा ठोसा. आठव्या बटणापर्यंत पोचताना बाबा उभे राहिले होते. आईने आठवी खूण केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि टेबल हातचं चाललं होतं. दोन्ही एकाच तोंडावर सांभाळताना तिची ओढाताण होत होती.

“आता दांडा,” ती म्हणाली. “उडी.”

पंक्चरने मूठ वर ढकलली. पैलवान खाली बसला.

“उडी म्हटलं मी.”

“उडीच मारतोय, वहिनी.” त्याने पुन्हा वर ढकलली. पैलवान पुन्हा बसला. खाली ओढली, तर त्याने टुणकन उडी मारली. उजवीकडे नेली, तो डावीकडे चालायला लागला. डावीकडे नेली, उजवीकडे.

“हा ह्यांच्यासारखाच निघाला,” आईच्या तोंडून निघून गेलं. “सांगावं एक, करतो दुसरंच.”

कुणी हसलं नाही. बाबासुद्धा नाही. पंक्चरने दुसरा कन्सोल जोडला, मग तिसऱ्यासाठी एक बटण दाबून धरून तोही जोडला. बोर्ड शहाण्यासारखा तिघांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलला. पण तिन्हीकडे पैलवान उलटाच. पंक्चरने मूठ सोडून दिली. घड्याळात पावणेबारा.

“जाऊ दे,” तो क्षीणपणे म्हणाला, “मी उलटा खेळायची सवय करतो. चार तास आहेत.”

सगळे आत्याकडे बघायचं टाळत होते, आणि खोलीत बघायला दुसरं काही नव्हतं.

मग आईने एक गोष्ट केली. तीस वर्षांच्या नोकरीत तिने कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता. हेडमास्तरांच्या पुतण्यालाही नाही. तिने पेन्सिल उचलली आणि दांड्याच्या तिन्ही घरांत, सरळ तीन बरोबरच्या खुणा केल्या.

“हलतोय ना दांडा?” ती म्हणाली. “हलण्याशी कारण. दिशेचं कुणी काही म्हटलं नव्हतं.”

आत्या उठली. आईच्या हातून पेन्सिल घेतली आणि त्या तिन्ही खुणांवर, एकेक करून, फुली मारली. डाव्या हाताने, सावकाश. मग तिने स्टिक उचलली, मांडीवर उलटी घेतली, तळाचा पत्रा काढला. आणि या वेळी एक हात तिने खालून वर घातला व मूठ धरली.

मूठ वर ढकलली. आतलं दांड्याचं टोक खाली गेलं आणि खालचा स्विच दाबला गेला.

“हात्तिच्या!” आत्या म्हणाली.

“काय झालं?”

“अरे, मधोमध अडकवलेला दांडा आहे हा. डोकं वर गेलं की शेपूट खाली जातं. मी शेपटाकडून बघितलं, वरच्या स्विचला ‘वर’ म्हटलं. डोक्याशी खेळणारा माणूस कोण असतो, त्याचा विचारच केला नाही.” ती स्वतःशीच थोडं हसली. “तेहतीस वर्षं मी खालूनच बघत आले रे.”

“म्हणजे चारही वायरी काढून परत?” पंक्चरने घड्याळाकडे बघितलं. “त्या गाठी, ते सगळं?”

“वायरीला हात कशाला लावतोस?”

तिने पेचकस घेतला. दांडा खोक्याला चार स्क्रूंनी धरलेला होता. चारही काढले. दांडा, त्याचे चार स्विच, त्यांच्या वायरी, सगळं एकत्र तिने जागच्या जागी अर्धं फिरवलं. वरचा स्विच खाली आला, खालचा वर. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. वायरी ताणल्या जायला हव्या होत्या. पण प्रत्येकीत एक वेढा जास्त होता. तो वेढा उलगडला, वायरी निवांत वळल्या, एकही गाठ सुटली नाही. चार स्क्रू परत लागले. सगळं मिळून पाच मिनिटं.

पंक्चरने मूठ वर ढकलली. पैलवान छतापर्यंत उडाला.

“आई गं!” पंक्चर ओरडला. उजवीकडे नेली, पैलवान उजवीकडे धावला. खाली, पुढे, ठोसा, आणि पैलवानाच्या हातांतून निळा गोळा सुटला. पन्नास वर्षांचा माणूस आमच्या सतरंजीवर गुडघ्यांवर उड्या मारत होता. “मेव्हण्या, मेलास तू आज!”

बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईने वही मिटली.

“झालं की मग वन्सं! चूक केलीत तुम्ही आणि दुरुस्तही तुम्हीच केलीत. पाच मिनिटांत. आता कसला पहिला फटका नि दुसरा फटका! टेबल तुमचंच. मी जेवणाच्या टेबलावर बटाटे काढेन.”

आत्याने पेचकस पुसला, पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि गॅलरीत गेली. आम्ही मागोमाग. तिने खण ओढला, आतली हत्यारं एकेक करून पेटीत भरली, मेणाच्या दोऱ्याचं रीळ वर ठेवलं. दिव्याची वायर काढून दिव्याभोवती गुंडाळली.

“अहो वन्सं, काय हे? मी काही धरून बसले नाहीये!”

आत्या थांबली. तिने एकदा काचेकडे बघितलं, एकदा आईच्या उजव्या हाताकडे. मग बाबांना बोटाने खूण केली: ते टोक धर. तिने हे टोक धरलं. बाबांनी पोट आत घेतलं, दोघांनी टेबल उचललं आणि त्या अरुंद जागेत, कपाटाला धक्का न लावता, अर्धं फिरवलं. खण पलीकडच्या बाजूला गेला. आता तिकडून बसणाऱ्याच्या उजव्या हाताची सावली कागदावर पडणार नव्हती. उजेड डावीकडून येणार होता.

आईने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि काढून घेतला.

“काहीतरी बोला ना,” ती म्हणाली. आत्या पेटीची कडी लावत होती. “बरं, नका बोलू. दोन वाजता जेवायला या. त्यालाही घेऊन या, उपाशी पोटी काय जिंकणार आहे तो!”

पंक्चर स्टिक छातीशी धरून दारात थांबला होता. त्याने आत्याच्या हातातली पेटी बघितली, दिवा बघितला, आणि काही न विचारता जिना उतरायला लागला. खालून त्याचा आवाज आला, फोनवर दुकानातल्या कुणाला तरी सांगत होता, टायर हलवा तिथले, काचेजवळचे, लवकर.

आत्याने पेटी उजव्या हातात घेतली, दिवा डाव्या काखेत मारला. बूट पायात होतेच. दाराशी तिने कोपराने बेलमागचा वायरीचा वेढा जरा सारखा केला आणि ती बाहेर पडली.